मंत्री, मटण आणि मी जर्मलची पातेली

मित्रांनो, मी एक जुनी जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली आहे. अंगाला पोचे, बूड काळंकुट्ट आणि काठ एका बाजूनं कुत्र्यानं चावलेला. शिवाजी पेठेतल्या एका घराच्या परड्यात, पाण्याच्या हौदाशेजारी माझा मुक्काम असतो. मला बघून कुणाला नाक मुरडायचं असेल त्यानं खुशाल मुरडावं. मी जे बघितलंय ते आतल्या मांडणीवरच्या एकाही स्टीलच्या डब्यानं बघितलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गोल पत्रा कापला, साच्यात घालून दाबला, झाली पातेली. त्र्याऐंशी साली रत्नव्वांनी मला महाद्वार रोडवरच्या दुकानातून घेतलं. घेताना चार ठिकाणी टिचक्या मारून वाजवून बघितलं. रत्नव्वा म्हणजे भुसारी दुकानवाल्या भरमाप्पांच्या मालकीणबाई. घर लिंगायताचं, अंड्याचं टरफलसुद्धा कधी न बघितलेलं. मला काम मिळालं दूध तापवायचं. रत्नव्वा शेजारणींना सांगायच्या, "ह्या पातेलीत दूध कधी नासत न्हाय बघा." मी तर नुसती फुगायचे.

तेरा वर्षं असा मान खाल्ला. मग एकदा भरमाप्पा मला गॅसवर ठेवून पेपर वाचत बसले. दूध उतू गेलं, आटलं, जळलं, धूर निघाला, शेजारी पळत आले, तरी ह्यांचं पान तिसरं. माझं बूड जे काळं झालं ते कायमचं. मांडणीवरून मी न्हाणीत गेले आणि न्हाणीतून थेट कुत्र्यापुढं.

कुत्रं भरमाप्पांनीच आणलं होतं. गडहिंग्लजच्या एका गिऱ्हाइकानं पिशवीत घालून दिलं. दिवसभर पायरीवर लोळायचं, कुणी आलं की उठून शेपूट हलवायचं आणि काम म्हणून काही करायचं नाही. म्हणून गल्लीनं नाव ठेवलं मंत्री. रत्नव्वांनी पहिल्या दिवशीच बजावलं, "ह्यानं उंबरा ओलांडला तर मी निपाणीला म्हायेरी जाईन." मंत्र्यानं ऐकलं आणि पायरीवरच पाय पसरले.

मंत्री ताक-भाकरी खायचा. बरा होता. पण आपल्याकडं एखादा प्राणी बरा असला की लोकांना बघवत नाही. जोतीराम हा मटणाचा दुकानदार, रोज येता-जाता थांबायचा.

"भरमाण्णा, कुत्रं हाय का वारकरी? मटण घाला की जरा. माझ्याकडं हाडं, काळीज, काय पायजे ते पडून असतंय."

भरमाप्पांना ते पटलं. आता अडचण अशी, की घरात मटण शिजवायचं कुणी? गॅसजवळ नेलं तर रत्नव्वा निपाणीला. तेव्हा भरमाप्पांनी युक्ती काढली. शिजवायचंच नाही. कच्चंच घालायचं. "वाघ काय शिजवून खातोय?" असं म्हणून ते गुळाच्या पिशवीत मटण लपवून आणायला लागले. जणू घरात बॉम्ब आणतायत.

त्या दिवसापासून मी बाटले. रत्नव्वांनी हुकूम सोडला, की ही पातेली परड्यातच राहील आणि तिला कुणी शिवायचं नाही. आता सांगा, ज्या भांड्याला कुणी शिवणार नाही ते घासणार कोण? रत्नव्वा घासेनात, भरमाप्पांना आठवेना. मंत्री चाटायचा तेवढीच माझी आंघोळ. वरून ऊन, आतून रक्ताचे ओघळ, भोवती माश्या. ज्या अंगात सायीचं दूध राहिलं त्या अंगाला असला वास! मी लाजेनं कलंडायचे, तर मंत्री मला पायानं सरळ करायचा.

हाडांची तर वेगळीच तऱ्हा. मंत्र्याला पोट भरल्यावर हाड पुरून ठेवायची सवय. रत्नव्वा मोगऱ्याच्या कुंडीत हात घालायच्या आणि नळी वर यायची. एकदा संकेश्वरचे पाहुणे आले होते, रत्नव्वांचे थोरले मामा, कपाळभर भस्म. जाताना त्यांनी चपलेत पाय घातला आणि आत फऱ्याचं हाड. मामा अर्धा तास हौदावर पाय धूत होते. मंत्री मात्र शेजारी शेपूट हलवत उभा. त्याच्या मते त्यानं आहेर केला होता.

मग एप्रिलात एकदा भरमाप्पांनी सकाळी काळीज घातलं, मंत्र्यानं अर्धं खाल्लं, उरलेलं दिवसभर माझ्यात उन्हात तापलं आणि संध्याकाळी मंत्र्यानं ते संपवलं. त्याआधी भरमाप्पांनी तेच काळीज बोटांनी सारखं केलं होतं आणि हात न धुता दुकानातल्या पोत्यातले चुरमुरे खाल्ले होते. दुसऱ्या दिवशी दोघांनाही एकच तक्रार. मालक आत-बाहेर पळतायत, मंत्री परड्यात पळतोय. रत्नव्वांनी एकाच डेचकीत भाताची पेज केली, एक वाटी आत दिली, एक बाहेर ओतली.

"दोघं एकाच पक्षाचे," त्या म्हणाल्या. "एकच औषीद."

त्यानंतर गल्लीत दोन पार्ट्या पडल्या. जोतीराम कच्च्याच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, मटणात दोष नव्हता, चुरमुऱ्यांत होता. शेजारची सुगरा शिजवलेल्याच्या बाजूची. तिचा नवरा फक्रुद्दीन रिक्षा चालवायचा, आणि तिच्या हातच्या पांढऱ्या रश्श्याला गल्लीत तोड नव्हती.

"रत्नाक्का, कच्चं कशाला घालायचं मुक्या जिवाला? आमच्यात रविवारी पांढरा रस्सा असतोच. त्यातली हाडं चार तास शिजतात, मेणावानी मऊ हुतात. ती घालत जाऊ."

सगळ्यांना हायसं वाटलं. शिजलेलं म्हणजे चांगलं, ह्यावर लिंगायत, मुसलमान आणि कुत्रं तिघांचं एकमत झालं. रविवार संध्याकाळी सुगरा भिंतीवरून हाडं माझ्यात ओतायची. मंत्री ती कडाकडा चावायचा आणि सगळे कौतुकानं बघायचे. मीही बघत होते. मला काय ठाऊक!

चौथ्या रविवारनंतर मंत्री गप्प झाला. पहिल्यांदा कळलं ते रत्नव्वांना. त्या रोज सकाळी पायरीवरनं उतरताना "सरक रं मंत्र्या" म्हणायच्या आणि तो नेमका त्यांच्या पायात सरकायचा. त्या दिवशी तो सरकला नाही आणि शेपूटही हललं नाही. मंगळवारी तो पाठीची कमान करून परड्यात उभा होता. कुंथायचा, कुईं करायचा, पुन्हा कुंथायचा. खाली रक्ताचे दोन थेंब. रत्नव्वांनी तुपाची भाकरी पुढं धरली. त्यानं वास घेऊन तोंड फिरवलं.

"उपास करायला असंल," भरमाप्पा म्हणाले.

"मंत्री आणि उपास? कधी बघितलाय?"

तेवढ्यात जोतीराम आला. "आणि एक मोठं हाड घाला वैनी, पोट साफ हुतंय."

"जोतीराम, तुझं हाड आणि तुझी अक्कल, दोन्ही दुकानात ठेव जा!" रत्नव्वा एवढ्या जोरात ओरडल्या, की पलीकडं फक्रुद्दीन दाढी अर्धी टाकून बाहेर आला. "फक्रूभाऊ, रिक्षा काढा."

आणि मित्रांनो, मग त्यांनी खाली वाकून मला उचललं. दोन वर्षांत मला त्यांचा हात लागला नव्हता. माझ्यात रविवारची चार हाडं होती, त्यांच्यासकट त्यांनी मला पोटाशी धरलं. रिक्षात मंत्र्याचं डोकं त्यांच्या मांडीवर, भरमाप्पा अर्धे बाहेर.

"वैनी, लुगड्याला लागंल त्याचं," फक्रुद्दीन म्हणाला.

"लागू दे. तुमी गाडी मारा."

राजारामपुरीत जनावरांचे डॉक्टर होते, मृत्युंजय नावाचे. त्यांनी मंत्र्याचं पोट चाचपलं आणि विचारलं, "काय खाल्लंय?" भरमाप्पा "तसं काय न्हाय" म्हणायच्या बेतात होते, तोवर रत्नव्वांनी मला दाणकन टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी माझ्यातलं एक हाड घेतलं आणि कट्टकन मोडलं. तुटलेलं टोक भरमाप्पांच्या बोटाला नुसतं लावलं.

"आई गंऽऽ!"

"असले तुकडे ह्याच्या आतड्यात बसलेत. शिजलं की हाड ठिसूळ होतं आणि मोडताना सुयांसारखं फुटतं. खालच्या बाजूला अडकले असतील तर भूल देऊन काढतो. वर कुठं आतडं फाटलं असेल तर..."

मंत्र्याला आत नेलं. बाहेर बाकावर रत्नव्वा बसल्या. एका हातात गळ्यातलं इष्टलिंग, दुसऱ्या हातात मी. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. ज्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही म्हणत होत्या त्याच्यासाठी! माझा तुटका काठ त्यांच्या बोटाला लागत होता, तरी त्यांनी मला खाली ठेवलं नाही. भरमाप्पा भिंतीकडं तोंड करून उभे होते. फक्रुद्दीननं त्या दोन तासांत तीन गिऱ्हाइकं परत पाठवली, तीही अर्ध्या दाढीनं.

डॉक्टर बाहेर आले ते ताटली घेऊन. ताटलीत हाडांचे नऊ तुकडे.

"आतडं फाटलेलं नाही. वाचला."

रत्नव्वांनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच दरडावल्या, "बघत काय बसलाय? त्याला पाणी चालंल का, ते इचारा की!"

भरमाप्पांनी वेगळंच विचारलं. "म्हंजे डॉक्टर, कच्चंच बरं हुतं म्हणा की?"

रत्नव्वांनी एप्रिलातलं काळीज आणि पेज सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, उन्हाळ्यात तुम्ही दोघं कशानं पळत होता? कच्च्या मटणात जंतू असतात, किडे असतात. काळजात तर असले बारीक किडे असतात, की ते कुत्र्यात जातात आणि त्याच्याकडून माणसाच्या पोटात. कच्चं हाड शिजलेल्याइतकं फुटत नाही, पण त्यानं दात तुटतात, घशात अडकतं. मटण घालायचंच तर बिनहाडाचं, शिजवून. मीठ नाही, तिखट नाही, कांदा-लसूण अजिबात नाही. कुत्र्याला तो बाधतो. आणि ही पातेली रोज घासायची." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. एवढ्या वर्षांत माझी बाजू घेणारा हा पहिलाच माणूस.

घरी आलो. आता शिजवायचं कुणी? सुगरा रडवेली झाली होती. ती म्हणाली, "माझ्या हातनं झालं, मीच शिजवीन." पण मित्रांनो, हे कोल्हापूर आहे. बिनमिठाचं, बिनतिखटाचं पांढरंफटक मटण चुलीवर बघून फक्रुद्दीन म्हणाला, "ह्याला मटण म्हणायचं? कुणाचं तेराव्याचं हाय व्हय?" सुगरानं दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी तिचा हात आपोआप कांदा-लसूण चटणीच्या बरणीत गेला. मंत्र्यानं पहिला घास घेतला आणि सरळ हौदात उडी मारली.

"रत्नाक्का, मी काय करू?" सुगरा म्हणाली. "माझा हात ऐकंना. मटण म्हटलं की चटणी पडतीयाच."

सगळ्या गल्लीत मटणात काय घालतात हे ठाऊक नसलेली बाई एकच होती. रत्नव्वांनी परड्यात तीन विटा मांडल्या, पदर नाकाला बांधला आणि मला चुलीवर चढवलं. हातभर लांब उलथनं घेऊन, तोंड दुसरीकडं करून त्या ढवळत होत्या.

"सुगरा, शिजलं कसं कळतंय गं?"

"बोटानं दाबून बघा की."

"बोटानं? मी?" आणि त्यांनी उलथन्यानं एवढ्या जोरात दाबलं, की एक फोड उडून भरमाप्पांच्या टोपीवर बसली.

पण जमलं. मीठ चाखायचा प्रश्नच नव्हता, कारण मीठच नव्हतं. मंत्र्यानं ते भाकरीबरोबर चाटूनपुसून खाल्लं. पुढं तर रत्नव्वा स्वतः जोतीरामच्या दुकानासमोर उभ्या राहायला लागल्या. "ती चरबी काढ. हे काय, हाड? परत बघ." जोतीराम घाम पुसत म्हणायचा, "वैनी, खाणारी गिऱ्हाइकं एवढं बघत न्हाईत."

ह्याला आता नऊ वर्षं झाली. दोन हजार सात साल चालू आहे. मंत्री म्हातारा झालाय, डोळ्यांनी कमी दिसतं, पण दात सगळे जागेवर आहेत आणि काम अजून काही करत नाही. पेठेतले लोक कुत्रं पाळलं की रत्नव्वांना भिंतीवरून विचारतात, मटण कसं शिजवायचं. आणि जन्मात मटण न खाल्लेली ती बाई ठणकावून सांगते. मला रोज राखेनं घासतात. बूड काळंच आहे, पण आतून मी चकाचक आहे.

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनवणी. जेवण झाल्यावर ताटातल्या हाडावर कुत्रं डोळे लावून बसेल, जीभ बाहेर काढेल, जगात त्याच्याइतकं उपाशी कुणी नाही असं तोंड करेल. त्याला भुलू नका. हाड कचऱ्यात टाका, हात धुवा, त्याचं भांडं घासा. माया करायची तर हाड काढून करा.

बरं, बोलणं पुरे. विटांखाली जाळ लागलाय, आणि एका हातात पिशवी नि दुसऱ्या हातानं नाक धरून रत्नव्वा येतायत.