शेजारचा कीबोर्ड

लिंगपूजा झाल्याशिवाय दानेश्वरी तोंडात पाण्याचा थेंबही घेत नसे. पण हल्ली पूजेत डोळे मिटले, की समोर सुकन्याची बोटंच नाचायची.

सुकन्या जेऊरहून रेल्वेनं सोलापूरला टायपिंगच्या क्लासला यायची. कालची पोर, आणि मराठीचा स्पीड दानेश्वरीच्या पुढं! दोघी शेजारी बसत. तिचा कीबोर्ड तडतडू लागला, की दानेश्वरीच्या अंगाची लाही लाही व्हायची. त्यातच गुरप्पा सरांनी सांगून टाकलं, "सोमवारी टेस्ट. जिचा स्पीड जास्त, ती सकाळच्या बॅचला शिकवणार."

लग्नानंतर पहिल्यांदाच दानेश्वरीला स्वतःसाठी काहीतरी हवंसं वाटलं होतं. सोमवारी पूजेत तिच्या तोंडून निघून गेलं, "देवा, आज तिची गाडी चुकू दे." तिनं जीभ चावली. शब्द मात्र मागं घेतला नाही.

आणि टेस्टच्या वेळेला सुकन्या खरंच आली नाही.

"थांबायचं का तिच्यासाठी?" सरांनी विचारलं.

"वेळ म्हणजे वेळ, सर," दानेश्वरी हळूच म्हणाली.

खोलीत सामसूम. शेजारची खुर्ची रिकामी. एवढं सगळं मनासारखं होऊन बोटं मात्र जडच. स्पीड आला छत्तीस.

"रोज चाळीस येतो की तुमचा! सोमवारचा उपास बाधला का काय?" सर म्हणाले.

तेवढ्यात सुकन्या धापा टाकत आली. "सर, गाडी क्रॉसिंगला उभीच व्हती! अक्का, झाली टेस्ट?"

"बस. दानेश्वरीबाई, तुम्हीपण परत द्या हिच्याबरोबर."

शेजारी तडतड सुरू झाली. दानेश्वरीच्या पोटातला हेवा थेट बोटांत उतरला. हिच्या मागं राहायचं नाही! थांबली तेव्हा पडद्यावर त्रेचाळीस. तिचा आजवरचा सगळ्यात जास्त.

सुकन्याचा सत्तेचाळीस.

सकाळची बॅच हातची गेली. दानेश्वरी गुपचूप पिशवी आवरू लागली.

"अक्का," सुकन्या जवळ सरकली, "माजा लई आवाज व्हतो. दुपारच्या प्रॅक्टिसला मी तिकडं कोपऱ्यात बसू का?"

"नको."

"राग आलाय व्हय?"

"आलाय की." देवासमोर जे कबूल करता आलं नाही, ते दानेश्वरी या पोरीला सांगून बसली. "जळते गं मी तुझ्यावर. पण हितंच बस. तू बडवायला लागलीस, की माझी बोटं पळतात."

सुकन्या खुदकन हसली. "मग उद्या अजून जोरात बडवती."