कोपरावरची दोन बोटं

धारवाला साडेपाचला उठला. नळाच्या गार पाण्यानं त्यानं तोंड धुतलं, खिडकीतून आभाळाचा अंदाज घेतला आणि बूट घालायला दाराजवळच्या बाकावर बसला. गेली अठरा वर्षं हा क्रम चुकला नव्हता. स्वयंपाकघरात बायको तव्यावर पावाचे काप भाजत होती. एका बाजूनं ते पुरेसे लाल झालेले दिसले, तेव्हा त्यानं तळहात हनुवटीखाली धरून गर्रकन फिरवला.

"अहो, घरात आरा चालू नाही," काप उलटत ती म्हणाली. "तोंडानं सांगितलंत तर जीभ झिजायची नाही."

लाकडाच्या वखारीत जन्म गेलेल्या माणसाचं हे असंच होतं. आरा ओंडक्यात शिरला की हातभर अंतरावरच्या माणसाचा शब्द ऐकू येत नसे, म्हणून तिथं सगळं हातांनी बोलायचं. हनुवटीखाली तळहात फिरला की ओंडका पलटायचा. कोपरावर दोन बोटं टेकली की दोन इंची फळी. कानाची पाळी ओढली की पातं बोथट झालं, धारवाल्याला बोलवा. धारवाला म्हणजे हाच. पात्याचे दाते घासण्याची खोली त्याची, आणि तिची किल्ली त्याच्या कमरेला.

आपले बूट ओढताना त्याची नजर शेजारच्या बुटांवर गेली. ते मेहुण्याचे. बायकोचा हा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून त्यांच्याकडेच माडीवर राहत होता, त्याच वखारीत फळ्या रचत होता आणि वखारीच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूनं खेळत होता. बुटांच्या शिवणीत लालसर भुसा अडकला होता.

धारवाल्यानं तो नखानं कोरून काढला आणि हुंगला. वास कडवट होता. त्यांच्या वखारीत फक्त पांढरं, मऊ लाकूड चिरलं जाई. लाल लाकूड येई ते नदीपलीकडच्या वखारीत. त्यानं भुशाची चिमूट कागदात बांधली आणि खिशात ठेवली.

मेहुणा डोळे चोळत खाली आला.

"काल उशिरा आलास," धारवाला म्हणाला.

"मित्राकडे होतो, दाजी."

"कुठं?"

"इथंच, जवळ."

"दोन वर्षांत याला पहिल्यांदा मित्र मिळालाय," बायको चहा ओतत म्हणाली, "आणि तुम्ही पोलिसासारखं काय विचारताय?"

मेहुणा हसला, पण कपातून वर बघून नव्हे. धारवाल्यानं ते टिपून ठेवलं.

हा संशय आजचा नव्हता. धारवाला वखारीच्या संघाचा गोलकीपर होता आणि कप्तानही. गोलकीपरच्या नशिबी निम्मा वेळ नुसतं बघणं असतं, आणि बघता बघता त्याच्या मनात पुष्कळ काही साचतं. आधी त्यांचा संघ इतर संघांसारखाच ओरडून खेळे. 'पाठीमागे!' म्हणजे मागून कुणी धावून येतोय. 'वेळ आहे' म्हणजे सावकाश वळ, घाई नको. 'माझा' म्हणजे बाकीच्यांनी पाय आवरा. परंतु आरोळी आपल्याला जशी ऐकू येते तशी समोरच्यालाही येते. म्हणून या हंगामाच्या सुरुवातीला धारवाल्यानंच सुचवलं की कॉर्नरच्या वेळी वखारीतल्या खुणा वापरायच्या. कोपरावर दोन बोटं म्हणजे चेंडू जवळच्या खांबाकडे. हनुवटीखाली तळहात म्हणजे लांबच्या खांबाकडे. कानाची पाळी म्हणजे शेजारच्याला छोटा पास. सगळ्यांना ते एका दुपारीच पाठ झालं. मुळात पाठ करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

कॉर्नर मारायचा मेहुणा. त्या दिवशी एकटा तोच नाखूश होता. "दाजी, बोललेलंच बरं," तो म्हणाला होता. "बोलणाऱ्याला निदान माहीत असतं, की कोणीतरी ऐकतंय."

"तू आधी बॉल नीट मार," धारवाल्यानं त्याला गप्प केलं होतं.

गोदीवाल्यांना त्या खुणा उमगल्या नाहीत, टपाल खात्यालाही नाहीत. कॉर्नरवरून सहा गोल झाले. मग नदीपलीकडच्या वखारीशी सामना झाला. त्या सामन्यात नऊ कॉर्नर मिळाले, आणि नऊही वेळा धारवाल्यानं आपल्या गोलापाशी उभं राहून एकच दृश्य पाहिलं. मेहुण्याची बोटं कोपरावर टेकायची आणि तिकडचे लाल सदरे जवळच्या खांबाकडे सरकायचे. त्याचा तळहात हनुवटीखाली गेला की ते लांबच्या खांबाकडे. चेंडूला पाय लागण्याच्या आधी. दोन गोलांनी हार झाली.

"घरचा भेदी, दुसरं काय," बचावाच्या मधोमध उभा राहणारा थोराड गडी बूट सोडताना म्हणाला होता. सगळे त्याला कपाट म्हणत. "आता कोणाच्या घरचा, ते मी बोलत नाही."

आता रविवारी त्याच संघाशी परतीचा सामना होता आणि जो जिंकेल त्याचा करंडक. खिशातल्या भुशाच्या पुडीला दिवसभरात धारवाल्याचा हात चार वेळा लागला. जेवणाच्या सुट्टीत तो कचेरीत गेला. संघाची यादी कारकुनाकडे असे.

"अकरा नंबर काढा," तो म्हणाला.

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "मेहुण्याला? मग रात्री जेवायला मिळेल ना तुम्हाला?"

"माझ्याकडे ठोस माहिती आहे."

"असेल. कप्तान तुम्ही." कारकुनानं पेन्सिलीनं एक रेघ ओढली. "शनिवारी टाइप करतो. तोवर पेन्सिल बरी. खोडता येते."

भोंगा झाल्यावर धारवाला फाटकाआड थांबला. मेहुणा बाहेर पडला, घराची वाट सोडून उजवीकडे वळला आणि पुलाला लागला. शंभर पावलांचं अंतर ठेवून धारवाला मागे निघाला. आपण स्वतःच्या घरातल्या माणसाचा माग काढतो आहोत याची त्याला लाज वाटत होती, आणि तरीही ती पाठ नजरेआड होऊ नये म्हणून तो पावलं उचलत होता. बारा वर्षांत त्यानं हा पूल कामाशिवाय ओलांडला नव्हता.

मेहुणा पलीकडच्या वखारीच्या फाटकातून सरळ आत गेला आणि कडेच्या एका खोलीत शिरला. पहारेकऱ्यानं त्याला अडवलंही नाही, नुसती मान हलवली. म्हणजे रोजचं येणं. धारवाल्याला वाटलं, एवढं पाहिलं, पुरे झालं, आता परतावं. पण तिथं दुसरी पाळी सुरू झाली होती आणि मोठ्या दाराच्या फळ्या उघड्या होत्या. सवयीनं त्याची नजर आऱ्याकडे गेली.

आऱ्यावरच्या माणसानं समोरच्याकडे पाहिलं आणि उजव्या हाताची दोन बोटं डाव्या कोपरावर टेकवली.

समोरच्यानं माप दोन इंचांवर आणलं. ओंडका पुढं सरकला, आरा ओरडला, फळी पडली. मग तळहात हनुवटीखाली फिरला आणि दोघांनी मिळून ओंडका पलटला. धारवाला खिळल्यासारखा उभा राहिला. तिथल्या हातांत काहीच चोरटं नव्हतं. त्याचे स्वतःचे हात आज सकाळी तव्याशेजारी जसे फिरले होते, तसेच ते फिरत होते.

थोड्या वेळानं आऱ्यावरच्या माणसानं कानाची पाळी ओढली. आरा थांबला. कडेच्या खोलीतून एक म्हातारा बाहेर आला, आणि त्याच्या मागून दोन्ही हातांवर नवं पातं तोलत मेहुणा. मेहुण्याच्या अंगात चामड्याचा एप्रन होता.

म्हाताऱ्याला धारवाल्यानं लगेच ओळखलं. हाच मिस्त्री बारा वर्षांपूर्वी अलीकडच्या वखारीत धार लावायचा. मालकाशी त्याचं वाजलं, तो पूल ओलांडून गेला आणि खोलीची किल्ली त्याच्या शागिर्दाच्या, म्हणजे धारवाल्याच्या, कमरेला आली.

मिस्त्रीनं त्याला पाहिलं आणि हात पुसत तो फाटकाशी आला. "बारा वर्षांनी पूल दिसला तुला."

"इथं याच खुणा आहेत?" धारवाल्याच्या तोंडून एवढंच निघालं.

"मग काय असणार? तुम्हाला मी शिकवल्या, यांना मीच शिकवल्या. आरा इकडेही तितकाच ओरडतो." मिस्त्रीनं मागे बोट दाखवलं. "पोराचा हात चांगला आहे. तुला शिकवायला सवड नाही म्हणे."

मेहुण्यानं धारवाल्याला दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यानं सांगितलं होतं, की अजून तुझा हात तयार नाही. हात त्यानं पाहिलाच नव्हता. खोलीत दुसरा माणूस आला की किल्ली एकट्याची राहत नाही, एवढंच त्यानं पाहिलं होतं.

परतताना धारवाला आणि मेहुणा पुलावरून बरोबर चालले.

"दाजी, तुम्ही माझ्या मागं आलात?"

"हो."

"मला वाटलंच. कपाट परवा मला म्हणाला, लाल सदरा शिवून घे, मापाला बरा बसेल."

धारवाल्यानं खिशातली पुडी चाचपली. "त्यांना आपल्या खुणा कळतात, हे तुला कधी कळलं?"

"महिन्यापूर्वी. तो सामना झाल्यावर पहिल्यांदा तिकडे गेलो, त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही पहिलं काय विचारलं असतं?" मेहुणा कठड्याकडे बघत म्हणाला. "तिकडचं तुला कसं ठाऊक, हेच ना? मग धार शिकायला जातो हे सांगावं लागलं असतं. तेही तुम्हाला आवडलं नसतं."

हे खरं होतं. पुलाच्या मध्यावर धारवाल्यानं पुडी उघडली आणि लाल भुसा पाण्यावर झटकला. मेहुण्यानं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी धारवाला पावणेसातला कचेरीत गेला. कारकून नुकताच टेबल पुसत होता.

"अकरा नंबर परत घाला."

"आणि ती ठोस माहिती?"

"ठोस होती, पण चुकीची. खुणा मी सुचवल्या होत्या. समोरच्यांना त्या वाचता येतात, यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. कोणी विचारलं तर असंच सांगा. कपाटाला मी सांगतो."

कारकुनानं रबरानं रेघ खोडली आणि कागदावर फुंकर मारली. रेघेचा पुसट वळ मात्र राहिला.

आरा सुरू व्हायला दहा मिनिटं होती. धारवाल्यानं कमरेची किल्ली काढून खोलीचं कुलूप उघडलं, दार ताणून पूर्ण उघडं केलं आणि फळ्या रचणाऱ्या मेहुण्याला नावानं हाक मारली. वखारीत इतक्या सकाळी कोणी कोणाला हाक मारत नसे. दोघातिघांनी वळून पाहिलं.

मेहुणा उंबऱ्याशी थांबला. धारवाल्यानं खुंटीवरचा दुसरा एप्रन त्याच्या हातात दिला आणि आपलं स्टूल पुढं सरकवलं.

"रविवारी हात खाली ठेवायचे," तो म्हणाला. "कॉर्नरला तोंडानं सांग."

"ते ऐकतील, दाजी."

"ऐकू दे."

मग त्यानं पातं शिकंज्यात बसवलं, दोन कानशींतली बारीक निवडली आणि मुठीकडून मेहुण्याच्या पुढं धरली. "बस. डाव्या हातानं टोक धर. दाब पुढं जाताना द्यायचा, मागं येताना नाही."

किल्ली त्यानं कमरेला परत लावली नाही. दाराच्या आतल्या खिळ्यावर, दोघांचाही हात पोचेल अशी, अडकवून ठेवली.