झोऱ्यांच्या घराची हाळी

भाद्रपदातली धूसर संध्याकाळ सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, उतरली होती. सोनकीच्या सुवर्णपीत ताटव्यांवरून धुके आले, कारवीच्या दाट रानावरून धुके आले, कड्याच्या अथांग पोटातून वर चढत चढत धुके आले. बघता बघता वाट दिसेनाशी झाली.

त्या धुक्यात हौसा झोरे उभी होती. याच सड्यावर म्हशींमागे वाढलेली, आता शहरांतून स्वतः रचलेली गाणी गाणारी, टाळ्यांना सरावलेली हौसा. फार दिवसांनी आईकडे निघाली होती. खिंडीत जीप सोडली तेव्हा लख्ख ऊन होते, आणि त्या उन्हाला ती भुलली. सड्यावरच्या मुलीने भुलू नये, पण शहराने तिला तेवढे विसराळू केले होते.

सड्यावर धुक्याला एकच उपाय. प्रत्येक घराची आपली हाळी, आपल्या सुरांची, आपल्या वळणांची. वाट चुकलेल्याने ती घालायची, घरातल्याने तीच परतवायची, आणि त्या आवाजाच्या रोखाने घरी यायचे. परकी हाळी आली तर पाऊल उचलायचे नाही. धुक्यात चकवाही बोलावतो, हे तिथे लहानपणीच शिकवतात.

हौसाने झोऱ्यांची हाळी घातली. दोन सूर उंच चढवलेले, एक सूर दरीत सोडलेला. किती घोटीव, किती मधुर!

उत्तर आले नाही.

हाकेच्या अंतरावर, झोपडीत, तिची आई ठकूबाई चुलीपाशी बसली होती. तिने हाळी ऐकली आणि ओठ घट्ट मिटले. हीच हाळी हौसाने गाण्यात घातली होती, आणि ते गाणे गावोगाव गाजले होते. फुले बघायला येणाऱ्या मोटारींतून ते वाजे. ऐकले की म्हातारी कंदील घेऊन धावे, लेक आली, लेक आली. आणि मोटारीतली पोरे खिदळत. एकदा तर ती कड्याच्या तोंडाशी जाऊन पडली होती. गुडघा अजून ठणकत होता. आता लेकीचाच आवाज तिला चकवा वाटे, याहून वाईट ते काय असते?

पुन्हा हाळी. पुन्हा तीच, तितकीच मधुर.

“एवढं ग्वाड माजी हौशी कवा वरडली?” म्हातारी पुटपुटली आणि तिने चुलीत लाकूड सारले.

बाहेर हौसाच्या मनात नाही नाही ते येऊ लागले. आई रुसली असेल? की आईच उरली नसेल? मागे सरताना पायाखालचा धोंडा सुटला. तो गेला, गेला, गेला, आणि पडल्याचा आवाजच आला नाही. तिचे सूर, तिचा ताल, सारे तिथेच गळून पडले.

“आये! मला वाट दिसंना गं!”

फाटका, चिरका, भेदरलेला आवाज. कुठल्याही गाण्यात न शोभणारा.

ठकूबाई दारात आली. कान देऊन उंबऱ्यावरच थांबली. मग तिने धुक्यालाच विचारले, “गानं हाय का मानूस?”

“मानूस हाय, आये.”

धुक्यातून हाळी आली; पण ती झोऱ्यांची नव्हती. तीन सूर खाली उतरलेले, आणि शेवटचा मध्येच खुडलेला. हौसाने उचललेले पाऊल मागे घेतले. ही कुणाच्या घराची? आईच्या आवाजात हे कोण बोलावते आहे?

“ये की! आपलीच हाय. जुनी समद्यांची झाली, म्हून नवी केली.”

हे तिच्या जिव्हारी लागले. घर तिच्यावाचून नवे बोलू लागले होते, आणि दोष द्यायला दुसरे कुणी नव्हते. त्या अनोळखी हाळीमागे ती पावलापावलाला अडखळत, शंकत, रडत घरी पोचली.

चुलीच्या ताम्रवर्ण उजेडात मायलेकी बसल्या. आईने तिचे ओले केस पुसले, भाकरी वाढली. बाहेर धुके, दारात धुके, आत धुराची निळी रेघ. आणि हौसाची बोटे, तिच्याही नकळत, मांडीवर ताल धरू लागली. तीन सूर खाली उतरलेले, शेवटचा खुडलेला.

ठकूबाईने ते पाहिले. तिने आपला खरबरीत हात त्या बोटांवर ठेवला. हळूच ठेवला, घट्ट ठेवला, आणि ताटातली भाकरी निवून गेली तरी उचलला नाही.