ज्याचं डोकं त्याला विचारा

डॉक्टर माझ्याशी बोलताना आवाज चढवायचा. "आजी, काळजी घ्या हं!" मी काय बहिरी आहे? आणि आमच्या ह्यांना म्हणायचा काका, मला आजी. म्हणजे मी काय माझ्या नवऱ्याची आई? बरं, एवढं ओरडून झालं की मान वळवायची आणि पुढचं सगळं माझ्या थोरल्या मुलाशी. काका जेवतात का, झोपतात का, घरात कसे वागतात, हे विचारायचं कुणाला? तर जो आठवड्यातून एकदा येतो आणि दारातूनच विचारपूस करून जातो त्याला. टेबलासमोर खुर्च्या दोनच, एक ह्यांची, एक थोरल्याची. मी मागे कपाटाला टेकून उभी.

आमच्या ह्यांनी जन्मभर केस कापले. चौकातलं दुकान ह्यांचं. हाच डॉक्टर लहानपणी तिथे खुर्चीच्या हातांवर टाकलेल्या फळीवर बसून भोकाड पसरायचा. त्याची आई म्हणायची, "चांगले बारीक करा." हे तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. फळीवरच्या पोराला विचारायचे, "काय साहेब, कसे ठेवू?" ज्याचं डोकं त्याला विचारायचं, हा त्या दुकानाचा कायदा.

आता ह्यांना विसरण्याचा आजार आहे. दुकान कधीच गेलं, तरी सकाळ झाली की त्याची किल्ली शोधत घरभर फिरतात. माझ्या मागे मागे मोरीच्या दारापर्यंत येतात. कधी मला ओळखतात, कधी "बाई, घरी वाट बघत असतील तुमची" म्हणून मलाच दाराशी पोचवायला निघतात. पण दवाखान्यात पाऊल टाकलं की गडी एकदम ताजा! गिऱ्हाइकाशी गप्पा मारून मारून तयार झालेली जीभ. काही ठाऊक नसलं तरी वेळ मारून नेतात.

त्या दिवशी डॉक्टरने विचारलं, "काका, आज वार कुठला?"

"दुकान उघडं आहे ना? मग सुट्टीचा नाही!"

डॉक्टर हसला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आणि या कोण?"

"वा! यांना कोण ओळखत नाही?"

डॉक्टर खूश. नापास पोराला शाबासकी देणारा मास्तर मी पहिल्यांदाच बघितला.

मग थोरल्याने तोंड उघडलं. ह्यांना गावाबाहेरच्या संस्थेत ठेवायचं त्याच्या मनात पक्कं होतं. फक्त डॉक्टरचा होकार हवा होता. "आईला आता झेपत नाही. तुम्ही सांगा, तुमचा शब्द शेवटचा."

"मला झेपतं," मी कपाटाजवळून म्हटलं.

"आजी, आम्ही बोलतोय ना," डॉक्टर म्हणाला. तेही थोरल्याकडेच बघत.

माझ्या डोक्याला रुमाल बांधलेला होता. कुणी विचारलंच तर गार वारा बाधतो म्हणणार होते.

तेवढ्यात हे उठले. माणूस ताटकळत उभं राहिलेलं ह्यांना कधीच बघवलं नाही. "या, या, नंबर तुमचाच," म्हणत माझा दंड धरला, आपल्या खुर्चीत मला बसवलं, हनुवटी उजेडाकडे वळवली आणि मी हात वर करेपर्यंत रुमाल ओढलासुद्धा.

अर्धे केस खांद्यावर, अर्धे कानाशी. मागे टाळू दिसत होती.

"अरारा!" हे कळवळले. "कुठल्या आंधळ्याने कापले हो? हात मोडला पाहिजे त्याचा!"

कापले होते ह्यांनीच. दुपारी माझा डोळा लागला आणि शिवणाची कात्री मशीनवर राहिली. कान वाचला एवढंच.

थोरला ताडकन उठला. "आई! कात्री? आणि तू हे लपवलंस? बस, आता एक दिवस नाही ठेवायचं ह्यांना घरी."

"तू खाली बस. केस माझे गेलेत. ओरडायचं तर मी ओरडेन."

डॉक्टरने आपली खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि आवाज न चढवता विचारलं, "तुम्ही शेवटचं सलग कधी झोपला होतात?"

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तरही तयार नव्हतं. "आठवत नाही," मी म्हटलं. "बघा, ह्यांचा आजार मलाही लागला."

तो हसला नाही. थोरल्याला म्हणाला, "काकांना घेऊन जरा बाहेर थांबा." दार लोटून घेतलं, माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"चक्कर येते?"

"येते."

"पडलात कधी?"

"मोरीत."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मला कपाट समजत होता. कपाट बोलतं का?"

"खरंय," तो म्हणाला. "पण आता माझंही ऐका. दिवसा मदतीला बाई ठेवू म्हटलं तर नाही म्हणाल."

"म्हणणारच. माझ्या नवऱ्याला परका हात लागायचा नाही."

"आणि तुम्ही पुन्हा मोरीत पडलात, तर? मग सगळेच हात परके."

तोंडावर बोलणारा माणूस मला आवडतो. मी पुन्हा नाही म्हटलं नाही, आणि माझं नाही न म्हणणं म्हणजे होकार, हे आमच्या घरात कुणालाही विचारा.

थोरल्याला आणि ह्यांना आत बोलावून डॉक्टर थोरल्याला म्हणाला, "काकांना पाठवायचं की नाही, ते या ठरवतील. दवाखान्याच्या ओळखीची बाई दुपारी येत जाईल. कात्र्या कुलपात ठेवा, काकांच्या हातात कंगवा द्या. सुट्टीच्या दिवशी त्यांना तुम्ही सांभाळायचं, रात्रीसुद्धा. आणि आजपासून यांचा नंबर वेगळा. काकांच्या शेपटीला बांधून आणायचं नाही यांना."

"मला जमेल का?" थोरला पुटपुटला.

"मला कुणी विचारलं होतं का, जमेल का म्हणून?" मी म्हटलं.

"आणि पुढे खरंच झेपेनासं झालं तर, आई?"

"तर ते मी सांगेन. माझ्या तोंडाने."

हे एव्हाना डॉक्टरच्या मागे जाऊन त्याचे केस निरखत होते. "साहेब, कसे ठेवू?"

डॉक्टर मान न हलवता बसून राहिला. मला म्हणाला, "माझं चुकलं."

मी उठले, रुमाल बांधला, ह्यांचा हात धरला.

"चुकलंच. तू फळीवर बसायचास तेव्हा तुझी आई शेजारी उभी असायची, तरी हे विचारायचे तुला. तेवढ्याशा नाकातोंड गळणाऱ्या पोराला ह्यांनी दिला तो मान तू माझ्या पांढऱ्या केसांना दिला नाहीस. डॉक्टर बरा आहेस, पण आमच्या दुकानात एक दिवस टिकला नसतास. पुढच्या वेळी इथे तिसरी खुर्ची दिसली पाहिजे. आणि पुन्हा मला आजी म्हणालास, तर कात्री ह्यांच्या हातात मी स्वतः देईन."