कार्डावर कोरडी, पोटात ओली

मित्रांनो, मी एक जुनी लाल बादली आहे. पण उभ्या आयुष्यात मी कधी नळाखाली गेले नव्हते. माझ्या पोटात वाळू असे आणि ती कोरडीठाक ठेवणे हेच माझे काम.

प्लास्टिक बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी नेमणूक झाली. तिथे ट्रायइथिल ॲल्युमिनियम नावाचा द्रव वापरतात. दिसायला पाण्यासारखा साधाभोळा, पण स्वभाव भलताच! हवा लागली की आपोआप पेटतो, पाणी पडले तर भडका उडवून अंगावर येतो. म्हणून त्याला कोरड्या नायट्रोजनखाली सिलिंडरात कोंडतात. थोडा सांडलाच, तर कोरडी वाळू टाकायची. पाण्याचे नाव काढायचे नाही.

मला सांभाळणारे जुने ऑपरेटर म्हणजे दाजी. त्यांचा मेहुणा त्याच पाळीत होता. तो दाजी म्हणे, म्हणून मीही. दर सोमवारी दाजी माझी वाळू भट्टीत तापवत, निववत, चाळत, मुठीतून सोडून बघत. मग झाकण घट्ट लावून कडीला बांधलेल्या कार्डावर ‘कोरडी’ लिहीत. अकरा वर्षे हा नेम चुकला नाही. मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता.

एकदा मोठे पाहुणे येणार होते. वाळूची धूळ त्यांच्या बुटांवर नको, म्हणून साहेबांनी माझ्या वाळूवर तांब्याभर पाणी शिंपडायला लावले.

दाजी म्हणाले, “साहेब, ही ओली चालत नाही हो.”

“अहो, तेवढ्याने काय आभाळ कोसळतंय? उद्या वाळवा की.”

दाजींनी झाकण लावले आणि मला थोपटून म्हणाले, “उद्या भाजतो गं तुला.”

दुसऱ्या दिवशी त्यांची बढती झाली. ते वरच्या मजल्यावर, पंख्याखाली बसू लागले. सोमवारी माझे कार्ड वर मागवून घेतले आणि मला न बघताच ‘कोरडी’ लिहून टाकले. पुढच्या सोमवारीही तेच. घट्ट झाकणाखाली ती ओल तशीच राहिली. मला तोंड असते तर बोंब मारली असती!

मग एका दुपारी नळीच्या जोडातून गळती झाली, ज्वाळा उठली. मेहुणा धावला, कार्डावरचा शब्द वाचला आणि वाळू फेकली. तडतड आवाज होऊन जळते थेंब उडाले. हातमोज्याच्या वरून कोपरापर्यंत त्याचा हात भाजला. मित्रांनो, ती वाळू माझ्याच पोटातली होती. ते दुःख मी कुठे ठेवू?

चौकशीत दाजींना विचारले. खाली मान घालून ते म्हणाले, “मी वाळवली होती. बादलीच जुनी झालीय, बुडाला भोक पडलंय. ओल धरते.”

अकरा वर्षांची सोबत, आणि हे बक्षीस! मला भंगारात फेकले.

महिन्याभराने मेहुणा कामावर परतला. हाताला पट्टी होती. भंगारातून त्याने मला शोधून काढले, आवारातल्या नळाखाली ठेवले आणि काठोकाठ भरले. नळाखाली जायची ती माझी पहिलीच वेळ. मी जीव एकवटून उभी राहिले. मग त्याने दाजींना खाली बोलावले.

“दाजी, भोक दाखवा.”

दाजींनी वाकून माझ्या बुडाखाली बघितले. खालची फरशी कोरडी होती.

“मी कार्ड वाचलं दाजी,” मेहुणा म्हणाला. “अक्षर तुमचं होतं, म्हणून हात घालून बघितलं नाही.”

मित्रांनो, मला पुन्हा रंगवा असे मी म्हणत नाही. पण माझ्यासारखीच्या कडीला ‘कोरडी’ असे लिहाल, तेव्हा आधी झाकण काढा आणि मूठभर वाळू हातात घ्या.