वहीतला नाश्ता

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. लपवून काय करायचं? बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आवाज तेव्हा चढला तो अजून खाली आलेला नाही.

माझी धाकटी जाऊ वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करते. दीर गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं, आणि तीन वर्षं झाली तरी नोकरी आपली तात्पुरतीच. यंदा मेट्रनबाईंनी सांगितलं, महिनाभर रोजची नोंदवही इंग्रजीत नीट लिहून दाखव, कायम करते. धाकटी थेट माझ्याकडे आली.

म्हटलं, सोपं आहे गं. आपण 'जेवल्यावर' म्हणतो, 'झोपायच्या आधी' म्हणतो. आपलं शेपूट शब्दाच्या मागे. त्यांची शिंगं शब्दाच्या पुढे. आफ्टर ईटिंग, बिफोर स्लीपिंग, विदाउट ईटिंग. रोजच्या लिहिण्यातलं निम्मं काम एवढ्यावर भागतं. तिला भांडी घासता घासता बोलायला लावलं: आफ्टर वॉशिंग, बिफोर वायपिंग. पण दिवसभर राबून आलेली बाई; आज शिकवावं तर उद्या पाटी कोरी. आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. पाच वाक्यं कागदावर लिहून दिली.

"हीच घोक, हीच रोज लिही," मी म्हटलं. "आता परत विचारायला येऊ नकोस."

ती मान हलवून गेली. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मेट्रनबाईंनी अक्षराचंही कौतुक केलं. मग एका संध्याकाळी धाकटी आली ती दारातच उभी राहिली, आत येईना. तिच्याकडे एक आजोबा आहेत, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. दिवसाला चार शब्द बोलतील तर शपथ. दोन दिवस त्यांनी कशालाच तोंड लावलं नव्हतं. आणि हिने वहीत दोन्ही दिवशी लिहिलं होतं, आफ्टर ईटिंग ब्रेकफास्ट, ही रेस्टेड. माझ्या पाच वाक्यांत न खाणाऱ्या माणसाचं वाक्यच नव्हतं. पुढच्या पाळीच्या बायकांना तिने तोंडी सांगितलं, त्यांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येणार होते, आणि कोणाला तपासायचं ते वही बघून ठरवतात.

मी आधी काय बोलले ते सांगायची लाज वाटते. म्हटलं, वहीला हात लावू नकोस. खोटी नोंद केलीस हे कळलं तर कायम होणं राहू दे, आहे तेही जाईल. डॉक्टरांच्या कानावर हळूच घाल.

"ताई, माझं ऐकून डॉक्टर थांबत नाहीत," ती म्हणाली. "वही वाचून थांबतात."

सकाळी मीही तिच्याबरोबर गेले. तिने दोन्ही नोंदींवर रेघ मारली, बाजूला सही केली आणि खाली खरं काय ते स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं. समोरून, उलट्या बाजूने वाचूनही मला तीन चुका दिसल्या. पहिल्यांदाच मी गप्प बसले. डॉक्टर त्या ओळीपाशी थांबले. आजोबांची कवळी हिरडीत रुतून आत जखम झाली होती, पाणीसुद्धा घोटघोटच जात होतं. अजून दोन दिवस गेले असते तर कठीण होतं, असं म्हणाले.

मेट्रनबाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. चूक माझी आहे, वाक्यं मी पाठ करून घेतली, असं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण सही धाकटीची होती. नोकरी राहिली; कायम होणं मात्र वर्षभर पुढे गेलं.

बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी ओरडते. तिच्यावरच ओरडले. अगं, एक फोन करायचा होतास, एक वाक्य विचारायचं होतंस, दोन मिनिटांचं काम. मेट्रनबाईंची एवढी कसली भीती?

तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"मेट्रनबाईंची नाही, ताई," ती म्हणाली. "तुमची."