व्हर्नियरच्या तोंडात कुंकू

मी व्हर्नियर बोलतोय. पूर्ण नाव व्हर्नियर कॅलिपर, पण कारखान्याच्या टूलरूममध्ये एवढं लांब नाव घ्यायला कोणाला वेळ नसतो. दोन पोलादी जबडे, अंगावर बारीक रेघांची पट्टी आणि स्वभाव तिरसट. जबड्यांत वस्तू धरा, तिची जाडी सांगतो. दोन शतांश मिलिमीटरचा फरकही मला खपत नाही. "चालतंय की हो, एवढं काय!" म्हणणाऱ्या माणसाचं आणि माझं कधी जमलं नाही. आता तुम्हीच सांगा, असा स्वभाव घेऊन मी एका शाळेच्या ऑफिसात पाच वर्षं कशी काढली असतील!

माझी पहिली आठवण उल्हासनगरच्या एका हत्यारांच्या दुकानातली आहे. शेठने मला डबीतून काढलं आणि म्हणाला, "विष्णुपंत, पीस ओरिजिनल आहे, आँख बंद करके लो."

"डोळे मिटून घ्यायला हा काय प्रसाद आहे?" असं म्हणून विष्णुपंतांनी माझे जबडे मिटले आणि मला उजेडाकडे धरलं. फटीतून प्रकाश येत नाही ना, शून्यावर शून्य बसतंय ना, हे पाहिलं आणि मगच भावाचं बोलले. तेव्हाच मला कळलं की हा माणूस आपल्यातला.

विष्णुपंत अंबरनाथच्या एमआयडीसीत टूलरूमचे फोरमन होते. त्यांच्या हाताखाली दरवर्षी आयटीआय केलेली पोरं अप्रेंटिस म्हणून यायची. वर्षभर काम करता करता शिकायची आणि फिटर होऊन बाहेर पडायची. कैलास त्यातलाच एक. बदलापूरजवळच्या शिरगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. तेव्हा शिरगावात इमारती नव्हत्या, भात होतं. पहिले तीन महिने विष्णुपंतांनी त्याच्याकडून नुसती कानस मारून घेतली. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा, तो सपाट करायचा, बस्स. कैलास रडकुंडीला यायचा. त्याने तुकडा आणला की विष्णुपंत मला पुढे करायचे, पण माप घ्यायला लागला की हातावर चापट मारायचे.

"आधी काय?"

"आधी शून्य, मग माप."

"शून्य चुकलं की पुढचं सगळं चुकतं. मग भले तू किती का हुशार असेनास."

वर्ष संपलं त्या दिवशी विष्णुपंतांनी मला कैलासच्या खिशात सरकवलं आणि चहाला निघून गेले. कैलास मात्र भर टूलरूममध्ये रडला. मलाही गहिवरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतरची तीस-बत्तीस वर्षं माझ्या सुखाची. कैलासने मला कधी आपटलं नाही, की नट ठोकायला वापरलं नाही. रविवारी घरी नेऊन तेलाचा हात फिरवायचा. त्याचा मुलगा महेश तेव्हा लहान होता. तो माझ्या जबड्यांत चकली धरून जाडी मोजायचा आणि आईला ओरडून सांगायचा, "आई, ही चकली जाड झालीय!" मी मनात म्हणायचो, पोराचा हात स्थिर आहे, हा आपला पुढचा मालक.

पण महेश दहावी झाला आणि कैलासने त्याला इंजिनिअरिंगच्या वाटेला लावलं. "माझ्यासारखे काळे हात नकोत त्याचे," म्हणाला. महेशला विचारलंच नाही. ज्या काळ्या हातांनी घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं, ते हात अचानक वाईट कसे झाले, ते मला आजवर कळलेलं नाही. कैलास रिटायर झाला तेव्हा महेश काही मला 'ये' म्हणाला नाही. मग कैलासने मला बदलापुरातल्या आपल्या जुन्या शाळेला भेट दिलं आणि बाईंना सांगितलं, "मॅडम, हा पोरांच्या हातात द्या."

मुख्याध्यापिका कुंदा मॅडम फार भारावल्या आणि त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं.

डावीकडे कबड्डीची ढाल, उजवीकडे प्लास्टरची सरस्वती आणि मध्ये मी. खाली चिठ्ठी, "माजी विद्यार्थ्याची सप्रेम भेट". चावी मॅडमच्या पर्समध्ये. दर खंडेनवमीला मात्र माझा मान मोठा. शाळेच्या शिपाई अंजनामावशी मला पाटावर घ्यायच्या आणि तेलात कालवलेलं हळदकुंकू माझ्या जबड्यांना आतून-बाहेरून लावायच्या. मावशींची श्रद्धा मोठी आणि हात सढळ. वर झेंडूचं फूल, समोर पेढा. दुसऱ्या दिवशी बाहेरचं पुसलं जायचं, आतलं तसंच वाळायचं. अशी पाच नवम्यांची पुटं माझ्या तोंडात बसली. कारखान्यात कधी कोणी मला नमस्कार केला नव्हता, पण रोज काम दिलं होतं. इथे सगळे नमस्कार करायचे. आपल्याकडे एखाद्याला कामाला लावायचं नसेल तर त्याची पूजा सुरू करतात, हे मी तिथे शिकलो.

आणि मग गेल्या डिसेंबरात वरून पत्र आलं. विद्यार्थ्यांना भावी करिअरचा पर्याय म्हणून अप्रेंटिसशिपची ओळख करून द्यावी, इच्छुक विद्यार्थ्यांची नावं पालकांच्या सहीने कळवावीत आणि कार्यक्रमाचे पाच फोटो अपलोड करावेत. पहिल्या दोन गोष्टी मॅडमनी एकदा वाचल्या. फोटोंचं तीनदा वाचलं.

"बसवायचं कोणाला?" एका सरांनी विचारलं.

"ड तुकडीला बसवा. अ तुकडीची इंजिनिअरिंगच्या क्लासची टेस्ट आहे, त्यांना कशाला त्रास?"

"पण मॅडम, पत्रात सगळे विद्यार्थी लिहिलंय."

"फोटोत तुकडी दिसते का, सर?"

सरांनी ड तुकडीची यादी काढली. त्यांचा स्वतःचा मुलगा अ तुकडीत होता.

प्रमुख पाहुणे म्हणून अंबरनाथच्या त्याच कारखान्यातले अधिकारी श्यामकांत साहेब आले. अप्रेंटिस भरतीचं काम त्यांच्याकडेच होतं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, गोड आवाज. त्यांची मुलगी सई याच शाळेत, दहावी अ मध्ये. कैलासलाही बोलावणं होतं, पण खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्याला ड तुकडीच्या मागच्या बाकावर बसवलं होतं. हातात फडक्यात गुंडाळलेली पोलादी पिन होती. स्वतः लेथवर काढलेली, बरोबर वीस मिलिमीटर जाडीची. पोरांना माप दाखवायला आणली होती.

साहेब सुंदर बोलले. "मुलांनो, डिग्रीच्या मागे धावू नका. हाताला कौशल्य पाहिजे. आज आमच्याकडे चांगला फिटर शोधून सापडत नाही. हे कैलासराव रिटायर झाले, पण डाय, म्हणजे साचा, अडकला की अजून आम्ही यांनाच फोन करतो! अप्रेंटिसशिप म्हणजे शिकता शिकता कमाई. यात कमीपणा कसला? अहो, हा तर अभिमान!" ड तुकडीने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या दारातून सई आत शिरली. पाणी प्यायला जाते सांगून टेस्टमधून उठून आली होती. कैलासच्या शेजारी जाऊन बसली. ती शिरगावात त्याच्याच इमारतीत राहायची, सुट्टीत त्याच्या गॅलरीतल्या कामाच्या बाकावर कानस मारायची. तिने घरचा पंखा दुरुस्त केला की मगच हे तिच्या घरी कळायचं.

मग प्रात्यक्षिक. मला कपाटातून काढलं. पाच वर्षांनी! माझा ऊर भरून आला. साहेबांनी कैलासची पिन माझ्या जबड्यांत धरली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "वीस पॉइंट तीन!"

टाळ्या. फोटो.

"साहेब, पिन वीसची आहे," मागून कैलास चाचरत म्हणाला. "मी केलेली आहे."

"असू दे हो कैलासराव, वयोमानाने होतं असं," साहेब हसून म्हणाले. मॅडमही हसल्या. हसण्यात काय, फोटो चांगला येतो.

अहो, मी खोटं नव्हतो बोलत! माझ्या तोंडात कुंकू होतं! पण सांगणार कसं? ज्याने मला तीस वर्षं तळहातावर जपलं, त्याला मी भर सभेत खोटं पाडत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"बाबा, शून्य बघितलंत का?"

सई उभी होती. सभेत कुजबुज झाली. ती पुढे आली, माझे जबडे मिटले आणि मला खिडकीकडे धरलं. वर लख्ख प्रकाशाची फट. शून्य शून्यावर नव्हतंच. तिने रुमाल काढला, ओला केला आणि माझ्या जबड्यांत घालून घासला. रुमाल लाल झाला. दारात उभ्या अंजनामावशींनी जीभ चावली, "अगो बाई, माझं कुंकू!"

पुन्हा पिन धरली. वीस पॉइंट शून्य शून्य. ड तुकडीने अशा शिट्ट्या मारल्या की मॅडमना माईक हातात घ्यावा लागला. पण त्याआधी सई माईकवर बोलून चुकली होती. "बाबा, इच्छुक विद्यार्थ्यांत माझं नाव द्यायचंय. सही करा ना."

साहेब कॅमेऱ्यासाठी हसले. ते हसू ऑफिसात येईपर्यंतच टिकलं.

"वेड लागलंय का तुला? टेस्ट सोडून आलीस?" दार लोटून घेत ते म्हणाले. मी टेबलावर होतो, सगळं ऐकत होतो.

"तुम्हीच म्हणालात ना, अभिमान आहे म्हणून."

"अगं, ते भाषण होतं!"

मॅडम रजिस्टरात काहीतरी शोधू लागल्या.

"मग खरं काय ते सांगा," सई म्हणाली. "मला त्या क्लासमध्ये काहीच जमत नाही, बाबा. तिथे बसले की छातीत दाटून येतं. कैलासकाकांच्या बाकावर मला बरं वाटतं. मला फिटर व्हायचंय. आधी आयटीआय, मग अप्रेंटिस. तुमच्याच कारखान्यात."

तेवढ्यात कैलास पिन न्यायला आत आला. साहेबांना आधार सापडला. "या कैलासराव, तुम्हीच समजवा हिला. तुम्ही स्वतः फिटर. पण महेशला घातलंत का आयटीआयला? इंजिनिअरिंगलाच घातलंत ना!"

कैलासची मान खाली गेली. मला वाटलं, संपलं.

"घातलं साहेब," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील म्हणून घातलं. त्याला विचारलंच नाही. चार विषय राहिले, ते काही सुटले नाहीत. आता विठ्ठलवाडीला फोनवरून क्रेडिट कार्ड खपवतो. परवा घरी आला, माझ्या बाकावर बसला आणि उगाच कानस फिरवत राहिला. हात अजून स्थिर आहे हो त्याचा. मला बघवेना." त्याने डोळे पुसले. "आधी शून्य बघायचं, ते मला शिकवलं होतं. पोराच्या वेळी मीच विसरलो. तुम्ही तरी बघा."

साहेब बराच वेळ मला हातात फिरवत बसले. जबडे मिटले, उजेडाकडे धरले, पुन्हा उघडले. शेवटी खिशाचं पेन काढलं आणि सही केली. पण सही करता करता बापाने अट घातलीच. "हे बघ, कोणी विचारलं तर 'मेकॅनिकल करतेय' म्हणायचं. आयटीआय वगैरे लोकांना सांगत बसू नकोस."

सईने कागद ओढून घेतला. कैलास मॅडमकडे वळला आणि म्हणाला, "मॅडम, हा व्हर्नियर हिला द्या. पोरांच्या हातात द्या म्हणालो होतो." मॅडमनी मला रजिस्टरात "तात्पुरता बाहेर" असं लिहून सोडलं.

आता मी सईच्या पिशवीत असतो. अंबरनाथच्या आयटीआयत रोज सकाळी ती माझं शून्य बघते, मग कामाला लावते. अंगावर चार ओरखडे आलेत, मी खूष आहे. शाळेचं म्हणाल तर यंदा खंडेनवमीला अंजनामावशींनी माझ्या रिकाम्या डबीची पूजा केली. फूल, पेढा, सगळं यथासांग.

दुसऱ्या दिवशी दसरा. शिरगावला घरी सईने पाटावर मला मांडलं. श्यामकांत साहेब कुंकवाचं बोट घेऊन माझ्या जबड्यापर्यंत आले आणि थांबले. मग ते बोट सईच्या काळपट झालेल्या तळहाताला टेकवलं. तिच्या नखांत तेल होतं, तेही त्यांनी पाहिलं.

तेवढ्यात शेजारच्या कमळाबाई आपट्याची पानं घेऊन आल्या. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा! काय गं सई, दिसतच नाहीस. काय करतेस सध्या?"

सईने बापाकडे पाहिलं. अट घालणाऱ्यालाच उत्तर देऊ दे, असा तिचा चेहरा.

"मेकॅ..." साहेब म्हणाले आणि अडखळले. माझ्याकडे पाहिलं. मी शून्यावर होतो.

"फिटर होतेय," ते म्हणाले. "आयटीआयला आहे. पुढे आमच्याकडेच अप्रेंटिस लागेल."

कमळाबाई "अगंबाई, हो का?" म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्या हातात पेढा ठेवला.

बाबांनो, माझी जास्त मागणी नाही. मला कपाटात ठेवू नका, मला कुंकू लावू नका आणि मुलांना माप लावायला निघालात तर आधी आपलं शून्य तेवढं बघा. चला, सई हाक मारतेय. तिचा तुकडा अजून सपाट झालेला नाही.